भाषणं बघायला बारामतीला

बारामतीला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या चिपळुणात पहिला प्रश्न येतो, "तिकडे कोण आहे तुमचं?" कोणी नाही, कॉन्फरन्स होती, असं म्हटलं की दुसरा प्रश्न, "साखरेची?" मग मी सांगते की वेबसाइटची. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पान उघडलं की जे डोळ्यांना दिसतं, बटणं, अक्षरं, चित्रं, ते सगळं बांधणाऱ्या लोकांची. त्या धंद्यात नवीन काय येतंय यावर दोन दिवस भाषणं होती, त्यातलं एक माझं होतं. इथपर्यंत आलं की विचारणाऱ्याचा रस संपतो, आणि खरं तर माझाही संपतो. कारण जे सांगण्यासारखं आहे ते याच्या पुढे आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला नीट ऐकू येत नाही. डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवा निम्मा उरला आहे. उजव्या कानामागे यंत्र आहे, ते केसांखाली झाकलेलं असतं. समोरचा तोंडाकडे तोंड करून बोलला तर ओठांवरून आणि उरलेल्या आवाजावरून माझं भागतं. पाठ फिरली की माणूस भिंत होतो. हे गोव्यातल्या माझ्या भावाला माहीत होतं आणि डॉक्टरांना. कामाच्या जगात कोणालाच नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडून चिपळूणला घरी बसून काम करायला लागले त्याचं कारण मी सगळ्यांना 'कोकणची ओढ' असं सांगितलं होतं. घरून सगळं लिहून चालतं. माझ्या टीममधल्या लोकांनी माझा आवाज क्वचितच ऐकला असेल, मी त्यांचा कधीच नाही.

मग मी कॉन्फरन्सला का गेले? तेजश्री नावाच्या एका प्राध्यापिकेनं माझे लेख वाचून बोलावलं होतं, हे सांगायचं कारण. खरं कारण असं की कित्येक दिवस माझं दूधवाल्यापलीकडे कोणाशी बोलणं झालं नव्हतं, आणि त्याच्याशीही 'अर्धा' एवढंच.

शुक्रवार, जळोची

कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, साताऱ्यावरून फलटण आणि मग बारामती. घाटमाथ्यावर हिरवा रंग संपतो आणि फलटण सोडलं की परत सुरू होतो. पण हा हिरवा वेगळा. आमच्याकडचा आपणहून उगवलेला, वेडावाकडा. हा ओळीत लावलेला, कालव्याच्या पाण्यावर पोसलेला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. रस्त्यात सांडलेली उसाची कांडी कोणी उचलत नाही याचं मला नवल वाटलं. आमच्याकडे रस्त्यात पडलेलं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, फळही घरी येतं.

लग्नसराईमुळे लॉज मिळाला नव्हता, म्हणून तेजश्रीनं मला जळोचीला तिच्या मावशीकडे उतरवलं. सुनंदाताई. माझ्याच वयाच्या, चाळिशी ओलांडलेल्या. पुढे नवीन बंगल्यांची रांग, मागे गुरांसाठीचा घास आणि मका, आणि दोन्हीच्या मधे त्यांचं घर. नवरा लोणी देवकरच्या एका कारखान्यात पाळीवर असतो, मुलगी नाशिकला शिकते. बाई बोलक्या. दारातच म्हणाल्या, "या ताई, या. हितं बसा. प्रवास लई लांबचा झाला का?" तोंड समोर होतं, सगळं कळलं. मला बरं वाटलं.

मग त्या चुलीकडे वळल्या. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच, असा त्यांचा नेम. माझ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायला लागल्या आणि बोलायला लागल्या. भाकरीची थापथाप मला फरशीतून पायांना जाणवत होती, शब्द मात्र नाही. मधेच खांदा वळला की मी ओळखायचे, प्रश्न आला. आणि माझी जुनी सवय: प्रश्न कळला नाही की हसून 'हो' म्हणायचं. बहुतेक वेळा जगाचं त्यावर भागतं.

ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि काळ्या मसाल्याची पातळ आमटी. आमच्याकडच्या आमटीत कोकम नसेल तर ती आजाऱ्याची. इथं आंबटाचं नाव नाही, पण ती आमटी भाकरीत कुस्करून खाताना मला घरच्या भाताची आठवण झाली नाही, हे कबूल करते. मी दोनदा 'हो' म्हटलं त्यामुळे ताटात दोन भाकऱ्या जास्तीच्या आल्या. त्या संपवल्या.

तिसऱ्या 'हो'चा अर्थ सकाळी कळला. जानेवारीची थंडी, हात आखडलेले, आणि न्हाणीत बादली भरून गार पाणी. बाहेर येऊन मी दात वाजवत गरम पाण्याचं विचारलं, तर सुनंदाताई गोंधळल्या. "अवो ताई, मी रातच्याला इचारलं न्हाय का, बंब पेटवू का गार पाण्यानं चालतंय? तुमी म्हणलात हो, चालतंय!"

आता तरी सांगायला हवं होतं. समोर एक साधी बाई उभी होती, तिला सांगून माझं काहीच जाणार नव्हतं. मी म्हणाले, "हो हो, मला गारच लागतं," आणि आत जाऊन त्या पाण्यानं अंघोळ केली.

शनिवार, बारामती

सभागृह कॉलेजचं होतं, मोठं, उंच छताचं. असं छत म्हणजे माझा वैरी. आवाज वर जातो, आपटतो आणि माझ्या यंत्रात एकदम सगळा परत येतो. नळाखाली भांडं धरल्यासारखं होतं. मी यंत्र बारीक केलं आणि पहिल्या रांगेत बसले.

मी भाषणं बघते. अशा ठिकाणी इतकी वर्षं बघतच आले आहे. पहिला मुलगा असेल पंचविशीचा. पानाचा एखादा तुकडा स्क्रीनकडे न बघता आपल्या भोवतीची जागा बघून लहान-मोठा कसा होतो हे तो दाखवत होता. हात इतके सुंदर हलवत होता की त्याचं निम्मं भाषण मला हातांवरूनच कळलं. त्याच्यानंतर एका मुलीनं एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना चित्र तसंच तरंगत कसं नेता येतं ते दाखवलं. डाळिंबाचा फोटो यादीतून उचलला जाऊन मोठा होत पुढच्या पानावर बसला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला दिसतात. त्या वाजवण्यात मी कधी मागे पडत नाही.

माझ्या मांडीवर फोन होता. त्यावर मीच बांधलेलं एक पान उघडं होतं. ब्राउझरला आता ऐकता येतं. पानानं परवानगी मागितली की तो ऐकतो आणि ऐकलेलं अक्षरांत उमटवतो. घरी मी हे पान टीव्हीवरच्या बातम्या लावून तपासलं होतं, तिथं ते चांगलं चाललं. पण बातम्या देणारा बारामतीचा नसतो. इथल्या माणसांचं 'न्हाय' माझं पान 'न्याय' असं लिहीत होतं. 'व्हय' म्हटलं की 'वय'. शेजारचे दोघे चहाचं बोलत होते आणि माझ्या फोनवर आलं, 'साखर न्याय का, वय वय, बिनसाखरेचा'. मला हसू आलं. कोणाला दाखवावं म्हणून मी मान वळवली, पण दाखवायचं तर फोन कशाला हेही सांगावं लागलं असतं. मी एकटीच हसले.

पुण्याहून आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. मोठ्या कंपनीत होते, सकाळीच माझ्याशी बोलले होते: तुमचं लिखाण आम्ही वाचतो, आमच्याकडे एक मोठं काम आहे, जेवताना बोलू. तोंडाकडे बघून बोलणारा माणूस. माझ्या सध्याच्या कामाची मुदत संपत आली होती, त्यामुळे जेवणाची मी वाट बघत होते.

जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझं. विषय होता, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पान कसं बांधावं. मी नुसत्या आवाजानं इशारा देणारी पानं दाखवली, खाली अक्षरं नसलेले व्हिडिओ दाखवले, फोनवर बोलूनच आकडा सांगणारी एक बँकेची सोय दाखवली आणि मग माझं ते ऐकून लिहिणारं पान मोठ्या पडद्यावर लावलं. सगळं भाषणभर मी म्हणत होते, 'अशा वापरकर्त्यांना', 'या लोकांना', 'त्यांची अडचण'. ते लोक दूर कुठंतरी राहतात आणि मी त्यांची पाहणी करून आले आहे, असा माझा सूर होता. भाषण चांगलं झालं, मला माणसांच्या चेहऱ्यांवरून कळतं.

मग प्रश्न. मधल्या रांगेतून एक माणूस उठला. चौकडीचा शर्ट, अंगावर जर्किन, वय माझ्याहून थोडं जास्त. माइक हातात येताच त्यानं बोलायला सुरुवात केली. लांब होता, मिशी दाट होती, ओठ दिसत नव्हते. मला दोन शब्द लागले: 'ओळख' आणि 'हाय का'. आधीच्या भाषणात आवाजावरून माणूस ओळखण्याचा विषय निघाला होता. मी अंदाज बांधला की हा विचारतो आहे, तशी सोय ब्राउझरमध्ये आहे का.

मी हसून म्हणाले, "नाही, सध्या तरी नाही. पुढेमागे येईल कदाचित, पण आज तरी त्याची फारशी गरज वाटत नाही."

सभागृहात हसण्याची एक लाट आली आणि मधेच थांबली. तो माणूस उभाच होता. तेजश्री व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी होती, तिचा चेहरा पडला. काहीतरी चुकलं होतं, काय ते मला कळेना. मग सगळे माझ्या पाठीमागे बघायला लागले, म्हणून मी वळले. पडद्यावर, दोन क्षण उशिरानं, त्याचा प्रश्न उमटला होता:

'मॅडम तुमच्या ओळखीचं कोण हाय का असं ज्याला ऐकू येत न्याय'

मी तो वाचला. शेवटच्या शब्दाशी अडले म्हणून पुन्हा वाचला. वळून बघितलं तेव्हा कोणाचेच ओठ हलत नव्हते. मी पुन्हा हसून काहीतरी सावरू शकले असते. मला ते चांगलं येतं. पण पडद्यावर ते वाक्य तसंच होतं.

"आहे," मी म्हणाले. "मी आहे. तुमचा प्रश्न मला ऐकू आला नाही. सकाळपासून इथलं एकही भाषण मला धड ऐकू आलेलं नाही."

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. त्या टाळ्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही.

जेवायला मांडवात गेलो. मटकीची उसळ, जिलेबी, मसालेभात. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आता ओरडत होता. प्रत्येक शब्द तोडून, तोंड मोठं करून, लहान मुलाशी बोलावं तसं. तोंड असं वाकडं केलं की ओठ वाचताच येत नाहीत, हे मी कोणाकोणाला सांगणार? "खूप – छान – बोललात!" असं म्हणून माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसत. तिथं गेल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा भरभर सुरू व्हायचं, मला दिसायचं. पुण्याचे गृहस्थही आले. उभ्या उभ्या म्हणाले, "मेलवर बोलू आपण," आणि घड्याळ बघत गेले. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मेल अजून आलेला नाही.

मी एकटी जेवत होते तेव्हा तो चौकडीच्या शर्टाचा माणूस येऊन समोर बसला. ओरडला नाही. मिशी हातानं वर सारून, सावकाश म्हणाला, "माफ करा ताई. मला तसं इचारायचं नव्हतं."

त्याचं नाव दत्तात्रय, सगळे दत्ताभाऊ म्हणतात. राहणार नरसिंहपूरचे, इंदापुरात छोटं दुकान. डाळिंबाच्या व्यापाऱ्यांची, मंगल कार्यालयांची पानं बांधून देतात, स्वतःच शिकलेले. त्यांच्या बायकोला, मंगलला, तीन-चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि तापाबरोबर कान गेले. पूर्ण.

"तिच्यासाठी कायतरी करावं म्हणून आलो हुतो," ते म्हणाले. "तुमचं ते लिवणारं पान तिला दावा की. उद्या या आमच्याकडं. तिला बी वाटंल, आपल्यासारखं कोणतरी हाय."

मी लगेच हो म्हटलं, आणि या वेळी कशाला हो म्हणते आहे ते मला कळलेलं होतं. रविवारची भाषणं मी सोडली. खरं सांगायचं तर तिला जेवढं वाटायला हवं होतं त्याहून जास्त मलाच वाटत होतं, की आपल्यासारखं कोणीतरी आहे.

रविवार, नरसिंहपूर

इंदापूरच्या स्टँडवर दत्ताभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. बावड्यापर्यंत रस्ता बरा, मग उसातून. ते सगळा रस्ता मागे मान वळवून माझ्याशी बोलत होते. त्यांना विसर पडला होता की मला ऐकू येत नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. माझ्या कानांचं कळल्यापासून माझ्याशी साधेपणानं बोललेला तो एकच माणूस होता, भले तो वाऱ्याशी बोलत का असेना. डाळिंबाच्या एका बागेवर कागदाच्या टोप्या घातलेली फळं दिसली तेव्हा त्यांनी गाडी थांबवून हातानं दाखवलं. तेवढं कळलं.

घर गावाच्या टोकाला, नदीकडच्या बाजूला. मंगल अंगणात ज्वारीची कणसं निखाऱ्यावर भाजत होती, हुरड्याचे दिवस होते. उंच, सावळी, डोळे एका जागी न थांबणारे. ते डोळे मी ओळखले, माझेही तसेच असतात. मागून कोण येतं ते कान सांगत नाहीत, मग डोळ्यांना पहारा द्यावा लागतो. तिनं मला हुरडा दिला, गूळ दिला, शेंगदाण्याची चटणी दिली.

दत्ताभाऊंना घाई झाली होती. "दावा ताई, दावा."

मी फोनवर ते पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. दत्ताभाऊ फोनवर वाकले आणि म्हणाले ते अक्षरांत आलं: 'मंगल आता तुला काय अडचण न्याय सगळं हितच दिसल'

तिनं वाचलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. मग तिनं फोन उचलला, पालथा केला आणि माझ्याकडे सरकवला.

"नको," ती म्हणाली. आवाज मोठा होता, एकाच पट्टीत. इतका मोठा की माझ्या उजव्या कानाला तो चक्क ऐकू आला. शब्द ती सावकाश टाकत होती. "आदी पाटीवर लिवायचे. मग फोनवर लिवाया लागले. आता ह्ये. ह्येच्यात बघून बोलायचं, आन् मी बी ह्येच्यातच बघायचं. कान गेल्यापासून त्येंनी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय."

दत्ताभाऊंनी मान खाली घातली आणि काहीतरी बोलले.

मंगलनं मला विचारलं, "काय म्हणत्यात?"

"मलाही नाही कळलं," तिला माझे ओठ दिसावेत असं तोंड समोर धरून मी म्हणाले. "खाली बघून बोलले."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो, आणि मग दोघींना हसू फुटलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दत्ताभाऊ मधे बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावरचं कष्टी हसू अजून आठवतं. मी फोन पिशवीत टाकला. ज्या पानासाठी मी दोन महिने खपले होते, ज्याच्यावर आदल्या दिवशी टाळ्या घेतल्या होत्या, ते त्या घरात कोणाला नको होतं. वाईट वाटलं. तिचं चुकत होतं असं मात्र वाटेना.

दुपारी आम्ही देवळात गेलो. किल्ल्यासारख्या भिंती आहेत देवळाला, आणि मागच्या बाजूनं घाटाच्या पायऱ्या संगमावर उतरतात. एकीकडून नीरा येते, दुसरीकडून भीमा. दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात असं दत्ताभाऊंनी हातवारे करून सांगितलं, मला दिसले नाहीत. समुद्र बघितलेल्या माणसाला नदी लहान वाटायला हवी, पण ती मला लहान वाटली नाही. शांत वाटली, आणि शांत या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ असा, की तिथं मला काही ऐकायचा प्रयत्न करावा लागत नव्हता. मंगल माझ्या शेजारी पायरीवर बसली होती. तीही करत नव्हती. आम्ही तशाच बसलो, बराच वेळ. माणसांचे ओठ शोधत वळून वळून आखडलेली माझी मान दोन दिवसांत प्रथमच दुखायची थांबली.

मग तिनं माझ्या हाताला हात लावला. मी वळल्यावर म्हणाली, "एक इचारू? माझा आवाज कसा हाय?"

मी तिच्या ओठांकडे पुन्हा बघितलं.

"म्हंजे, मला ऐकू येत न्हाय न्हवं. कसा येतोय कुणाला ठावं. गावातल्या बाया सांगत न्हाईत, चांगला हाय म्हणत्यात. पयला बारीक हुता. हादग्याची गाणी मीच सांगायची सगळ्यांना." तिनं माझ्या हातावरचा हात तसाच ठेवला. "तुमी खरं सांगा."

आख्ख्या तालुक्यात हा प्रश्न विचारायला तिला माणूस मिळाला तो मी. "मला अर्धाच ऐकू येतो," मी म्हणाले. "येतो तेवढा जाड येतो. आणि मोठा. पण माझ्या कानांवर भरवसा ठेवू नका. ज्यांना ऐकू येतं त्यांना विचारा."

ती खालच्या पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघत राहिली. मग उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला विचारलं. दत्ताभाऊंचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला. गेला आणि थांबला. त्यांनी मिशी दोन्ही बाजूंनी सारली, मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघून बोलले. मला बाजूनं दिसत होतं, त्यामुळे सगळं कळलं नाही. 'मोठा झालाय' एवढं कळलं आणि 'तुझाच'.

"काय?" मंगल म्हणाली.

ते पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा तिनं 'काय' विचारलं तेव्हा तिला पहिल्यांदाच कळलेलं असावं अशी मला शंका आली. मी उठून पाण्यापर्यंत उतरले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. पाठ केली की मला काहीच ऐकू येत नाही. त्या वेळी ते सोयीचं झालं.

संध्याकाळच्या आधी त्यांनी मला इंदापूरच्या स्टँडवर सोडलं. दोघंही आले होते, मोटारसायकलवर आम्ही तिघं. मंगलनं पिशवीभर हुरडा आणि चार डाळिंबं दिली, पुन्हा या म्हणाली. मी येईन म्हटलं. येईन की नाही ठाऊक नाही. चिपळूणहून इंदापूर फार लांब आहे, आणि फोनवर आम्हा दोघींना बोलता येत नाही.

परतीचं

बारामतीला जाणारी बस निम्मी रिकामी होती. खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या, निमगावच्या बाजूची डाळिंबं, मग नुसता ऊस. ऊन उतरत होतं. माझ्या शेजारी कोणी नव्हतं.

मी मंगलच्या प्रश्नाचाच विचार करत होते. तिला जाऊन समोर उभं राहायला एक माणूस होता. माझा आवाज कसा आहे? डावा कान गेल्यापासून तो मलाही माझा वाटत नाही, डोक्याच्या आतून कुठूनतरी येतो. चिपळूणच्या घरी कोणाला विचारणार? दूधवाल्याला? भावाला विचारलं तर तो चांगला आहे म्हणेल, त्या गावातल्या बायकांसारखं.

मी गळ्यावर हात ठेवला आणि माझं नाव उच्चारून बघितलं. वृंदा. बोटांना थरथर लागली. आवाज बाहेर पडला की आतच राहिला ते कळेना. पुन्हा म्हटलं, जरा जोर लावून. वृंदा.

पुढच्या बाकावरची बाई वळली. म्हातारी नव्हती, तरुणही नव्हती, मांडीवर पेरूंची पाटी होती. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, तोंड समोर होतं म्हणून नीट कळलं, "मला काय म्हणलासा?"

"नाही हो," मी म्हणाले. "मला ऐकू येत नाही. माझा आवाज येतोय का ते बघत होते."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. हसली नाही, ओरडलीही नाही.

"येतोय की," ती म्हणाली, आणि पाटी सावरून पुन्हा पुढे तोंड करून बसली.